सोळा किलोची धाकटी

ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. साल नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी माझ्या मुलीचे पुढचे दोन दात पडले आणि सासूबाईंना कवळी बसली, आणि आजी-नात दोघी एकाच वेळी घरभर बोबडं बोलत होत्या. मुलीला सगळे काडी म्हणत. सहा वर्षांची, अंगाने आगपेटीतल्या काडीसारखी, आणि पेटायलाही तेवढाच वेळ लागे.

हे एका बागेत मुख्य फिटर होते. बाग फुलांची नव्हे, खेळांची. तिकीट काढून आत जायचं आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्या घराने दिवस काढायचा. लाकडी घोड्यांचं चक्र, आकाशपाळणा, तळ्यातल्या होड्या आणि एक छोटी आगगाडी, एवढाच पसारा. मी तिथल्याच शिलाईखोलीत होते. घोड्यांची खोगिरं, होड्यांची छतं, सीटची कव्हरं, तिकीटवाल्यांचे गणवेश, सगळं माझ्या मशीनखालून जायचं. खोलीची खिडकी चक्राकडे होती, त्यामुळे त्याच्या गाण्याचे तेच ते सूर दिवसभर कानावर पडत. अजून भांडी घासताना तेच तोंडात येतात.

त्या वर्षी बागेत एकच वाद चालू होता. वेगाचा खेळ आणायचा की नाही.

मालक म्हणत, आणायचा. "थोरलं पोर बारा वर्षांचं झालं की ते घर आपल्याकडे यायचं बंद होतं," ते सांगायचे. "त्याला घोड्यावर बसायची लाज वाटते. ते नको म्हणालं की धाकटीही नको म्हणतात. एक पोर रुसतं आणि अख्खं घर मुकतं."

ह्यांचं मत उलट. "लोक इथे घाम पुसायला येतात, फोडायला नाही. छातीत धडकी भरायला घरी काय कमी कारणं आहेत?"

सासूबाई मालकांच्या बाजूने होत्या. त्यांचं वय बासष्ट. "मी जन्मभर गोल गोलच फिरले," त्या ह्यांना म्हणाल्या. "स्वयंपाकघर, मोरी, दोरीवरचे कपडे, परत स्वयंपाकघर. एकदा तरी वरून धाडकन खाली येऊ दे मला."

"आई, तुझी कवळी पडेल."

"पडू दे. खाली तू आहेसच झेलायला."

शेवटी खेळ आला. त्याला आम्ही लाट म्हणू लागलो. लोखंडी रुळांवरून चार डबे साखळीने वर चढायचे आणि मग तीन लाटांसारखे चढउतार घेत तळ्याला वळसा घालून परत यायचे. एका डब्यात एकच बाक, त्यावर तिघं, आणि तिघांच्या मांड्यांवर मिळून एकच आडवी दांडी. ज्या कंपनीने तो विकला तिचा एक माणूस बसवून द्यायला महिनाभर येऊन राहिला होता. शिडीवर चढतानासुद्धा गळ्यात टाय असे, म्हणून त्याला सगळे टायवाले म्हणत. माणूस हुशार होता आणि बोलायलाही गोड. खेळाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, पाच वर्षांपुढील सर्वांसाठी.

चाचणीसाठी वाळूची पोती लागतात. जिवंत माणूस बसवण्याआधी माणसाच्या वजनाची पोती बसवून गाडी फिरवायची. ती शिवायचं काम माझ्याकडे आलं. टायवाल्यांनी कागदावर माप दिलं, सत्तर किलो. मी जाड कापडाच्या दोन-दोन पिशव्या शिवून एकमेकींना जोडल्या, एक पाठीची, एक मांडीची, म्हणजे पोतं बाकावर माणसासारखं बसेल. अशी बारा बसकी पोती. सोमवारपासून गुरुवारपर्यंत गाडीच्या चाळीस फेऱ्या झाल्या. एकही पोतं जागचं हललं नाही. शुक्रवारी ह्यांनी चाचणीच्या कागदावर सही केली. रविवारी सकाळी फीत कापायची ठरली.

आणि रविवारची पहिली फेरी आमची होती. थोरले मालक, म्हणजे मालकांचे वडील, एक नियम घालून गेले होते. नवा खेळ ज्याने तपासला, त्याच्या घरची माणसं पहिल्या फेरीला पहिल्या डब्यात. कुणी काही म्हणो, मला तो नियम आवडायचा. आकाशपाळणा नवा आला तेव्हा मी नवी नवरी होते, आणि ह्यांनी खाली उभं राहून, नजर वर लावून, मला पहिल्या फेरीत फिरवून आणलं होतं. आता लाटेच्या पहिल्या डब्यात सासूबाई, काडी आणि मी बसणार होतो. काडीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई माझा डबा घेऊन शिलाईखोलीत आल्या. बारा पोती भिंतीला टेकवून ओळीने बसवली होती. एकाची शिवण उसवली होती, ती मी घालत होते.

सासूबाई डबा ठेवून ओळीसमोर उभ्या राहिल्या. "काय गं, हे कुठलं घर?"

"म्हणजे?"

"बाराही जण एका मापाचे. सगळे पुरुष, सगळे खाऊनपिऊन सुखी. यांच्यात बायको नाही, आई नाही, पोर नाही. अशा घरी मी मुलगी दिली नसती."

त्या हसून निघून गेल्या. त्यांना टोमणा मारायचा होता, तो मारून झाला. माझी सुई मात्र कापडातच राहिली. पंधरा वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई मी. एका घरातल्या चार माणसांना मी कधी एकाच मापाचे सदरे शिवले नव्हते, आणि इथे कागदावर सत्तर लिहिलेलं पाहून निमूट बारा जुळे शिवून दिले होते.

मी उठून लाटेपाशी गेले. डबे उभे होते. एका बाकावर बसून दांडी मांडीवर ओढली. बसली. मग जवळ झाडणाऱ्या माळीबुवांना, चांगलं पोट सुटलेल्या गृहस्थांना, म्हटलं, जरा शेजारी बसा. दांडी त्यांच्या पोटावर अडली. माझ्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहिली. काडीच्या मांड्या केवढ्या, ते मला मोजायची गरज नव्हती.

मी ह्यांच्याकडे गेले. ते ग्रीसने माखलेले हात पुसत होते.

"अहो, कमी वजनाचं पोतं बसवून पाहिलंत?"

"कंपनीचं माप सत्तर आहे."

"काडी सोळाची आहे."

"चाळीस फेऱ्या झाल्यात. मी सही केली आहे." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "तू शिवण बघ, मी लोखंड बघतो."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. असं ते मला त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि नंतरही नाहीत. मी परत खोलीत आले आणि दार लावून शिवायला बसले. एक पोतं नव्वद किलोचं शिवलं, आमच्या मोठ्या नणंदेच्या यजमानांच्या मापाचं. एक पन्नासचं, माझ्या मापाचं. तिसरं सोळाचं. त्याला जाड कापड पुरलं नाही, म्हणून तिकीटवाल्यांच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड लावलं. गोदामातल्या काट्यावर वजन करून घेतलं. सोळा किलोचं पोतं उचललं तेव्हा हातांना ते ओळखीचं वाटलं. रोज झोपलेल्या पोरीला उचलून आत नेत होते ना.

तिन्ही पोती हातगाडीवर घातली आणि थेट मालकांच्या खोलीपुढे नेऊन उभी केली. टायवाले तिथेच चहा घेत होते. फीत कापण्याचं बोलणं चाललं होतं.

मालकांनी पोत्यांकडे पाहिलं. "वहिनी, ही कोण मंडळी?"

"कुटुंब आहे," मी म्हटलं. "बाग कुटुंबासाठी आहे ना? उद्या लाटेवर अशीच येतील. आज यांना एक चक्कर मारून आणू."

टायवाले हसले. "ताई, हे खेळ बारा ठिकाणी चालू आहेत. कुठे तक्रार नाही."

"मग एका चकरेने काय बिघडतंय?"

मालकांनी कप खाली ठेवला. त्यांना कुणी कधी शिवणकाम करणारीचं ऐका असं सांगितलं नव्हतं. ऐकू नका असंही सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते माणसाची परीक्षा तिथेच होते. ते उठले. "फिटरला बोलवा," म्हणाले. "सही त्यांची आहे, फेरीही त्यांच्या देखत होऊ दे."

हे आले. माझ्याकडे पाहिलं नाही. नव्वदवालं पोतं बाकावर एका टोकाला ठेवलं, पन्नासवालं दुसऱ्या टोकाला, आणि मधे निळं, आई-बापाच्या मधे पोर बसतं तसं. बाकीच्या डब्यांत आधीचीच पोती चढवली. दांडी खाली ओढून खटका लावला, दोनदा हलवून पाहिला. खटका पक्का होता. मग त्यांनी गाडी सोडली.

साखळीचा खडखडाट करत डबे वर गेले. पहिल्या उतारावर मला काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या चढावर गाडी झाडांमागे गेली. मग वळसा घालून परत आमच्यासमोर येऊन थांबली.

पहिल्या डब्यात दोन पोती होती. त्यांच्यावर दांडी जशीच्या तशी लागलेली.

चक्राचं गाणं तेवढं चालू होतं. हे रुळांच्या कडेने चालत गेले, मी मागोमाग. निळं पोतं दुसऱ्या लाटेच्या खाली गवतात पडलं होतं. एका बाजूने फाटलं होतं, आणि वाळू सांडली होती. हे खाली बसले आणि दोन्ही ओंजळींनी ती वाळू परत पोत्यात भरू लागले. गवतातला कण न् कण वेचत होते. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, वाळूच आहे." ते थांबले नाहीत. सगळी भरून झाली तेव्हा पोतं तसंच छातीशी धरून मालकांपाशी आले.

"माझी सही खोडा," म्हणाले. एवढंच.

टायवाल्यांनी टाय सैल केला. महिन्याभरात तो पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. "आम्हीसुद्धा सत्तरच बसवत आलो," ते हळूच म्हणाले. "सगळीकडे." मग मालकांना न विचारता त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि त्या बाराही ठिकाणी एकेक करून फोन लावत दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले.

रविवारी लोक आले. वर्तमानपत्रात जाहिरात गेली होती, दारापुढे रांग लागली होती. दुसरा कुणी मालक असता तर म्हणाला असता, आज मोठ्यांना बसवू, लहानांचं उद्या बघू. आमच्या मालकांनी दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी लावली: लाट आज उघडणार नाही. माप घेण्यात आमची चूक झाली. आणि स्वतः तिथे खुर्ची टाकून बसले, लोकांचं ऐकून घेत. सगळे जण समजून घेतात असं थोडंच असतं. एक गृहस्थ म्हणाले, "जमत नव्हतं तर आणलंत कशाला?" मालक म्हणाले, "जमवायला वेळ लागतोय, म्हणून पाटी लावली." मी आजवर पुष्कळ पाट्या वाचल्या, पण तशी परत वाचली नाही.

त्या रात्री जेवताना ह्यांनी आधी माझं ताट वाढलं. आमच्याकडे माफी अशी मागितली जाते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या.

पुढे दोन महिने काम चाललं. टायवाले आणि हे मिळून प्रत्येकाच्या मांडीवर वेगळी दांडी येईल असे नवे बाक घडवत होते. सोळा किलोच्या पोत्याला आता सगळे धाकटी म्हणू लागले होते; नव्या दांडीखाली ते पन्नास वेळा फिरलं आणि जागचं हललं नाही. तरी ह्यांचं समाधान होईना. त्यांनी उंचीचीही अट घातली, पावणेचार फूट. माझ्या शिलाईच्या टेपने मोजून दाराशी एक दांडा रोवला. त्याहून कमी उंचीच्या कुणालाही आत सोडायचं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी त्या दांड्यापाशी पहिली उभी राहिली ती काडी. दोन बोटं कमी भरली.

"बाबा, मी टाचा वर करते."

"नाही."

"आईने माप चुकीचं घेतलं असेल."

"आई माप चुकीचं घेत नाही," हे म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले. मी आजवर ते वाक्य जपून ठेवलं आहे, एखादी बाई दागिना ठेवते तसं.

काडी पेटली, रडली, मग आजीची कवळी आणि चष्मा रुमालात धरून कठड्याशी उभी राहिली. सासूबाई आणि मी पहिल्या डब्यात बसलो. वरून बाग केवढीशी दिसली. पहिल्या उताराला सासूबाईंनी माझा हात धरला. घट्ट नव्हे, जत्रेत मैत्रिणीचा धरतात तसा. खाली आल्यावर बिनदातांच्या तोंडाने काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाली आजी?" काडीने विचारलं.

"परत," मी सांगितलं.

आता नातवंडं घरी वाद घालतात, कुटुंबाच्या बागेत असले वेगाचे खेळ वाढवावेत की नकोत, आणि मला विचारतात. मी म्हणते, खुशाल वाढवा. सासूबाईंना तेवढं सुख दुसऱ्या कशाने मिळालेलं मी पाहिलं नाही. फक्त मधे धाकटीला बसवून आधी एक चक्कर मारून आणा.

मालक पंच्याण्णव साली गेले. ती पाटी त्यांच्या खोलीत भिंतीला होती, ती आता त्यांच्या मुलीच्या खोलीत आहे. बाग तीच चालवते. टायवाल्यांनी कंपनीत सगळ्या मापांची पोती शिवायला लावली. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी त्यांचं पत्र येई, आणि खाली 'धाकटीला आशीर्वाद' असं असे. सासूबाई अठ्ठ्याहत्तरीपर्यंत वाढदिवसाला लाटेवर बसल्या, कवळी नातीच्या हातात देऊन. काडी पुढच्याच वर्षी दांड्याएवढी झाली, एकदा बसली, आणि खाली येऊन म्हणाली की आगगाडी बरी. ती आता गणित शिकवते आणि मुळीच काडी राहिलेली नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत हातात घेतलेल्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मला विचारत, "तू पाहिलंस का?"

आणि धाकटी अजून कामावर आहे. रोज सकाळी बाग उघडण्याआधी पहिल्या डब्यात ती एकटी फिरून येते. कापड झिजतं, म्हणून काही वर्षांनी नवी शिवावी लागते. आत्तापर्यंत नऊ शिवल्या. डोळ्यांनी दिसतंय तोवर दहावीही मीच शिवीन म्हणते. वाळू मात्र ह्यांनी वेचलेली, तीच.