चौतीस नकाशे

"सर, हंय कोणी खणल्यान?"

प्रिया सगळ्यांच्या पुढे होती, म्हणून तिला आधी दिसलं. मागची एकतीस मुलं चिखलात पाय रोवत एकेक करून थांबली. सगुण मळीक सगळ्यांत शेवटी होता. रानात मुलांना नेताना तो नेहमी शेवटी चालायचा, म्हणजे कोणी मागे राहत नाही. तो पुढे आला तेव्हा मुलांनी त्याला वाट करून दिली.

मागच्या पावसाळ्यात इथे कमरेएवढं वारूळ, गावच्या भाषेत रोयण, होतं. आता खड्डा होता. कुदळीच्या घावांच्या कडा पावसाने गोल झाल्या होत्या, म्हणजे खणून आठवडा तरी झाला असावा. खड्ड्यात गढूळ पाणी साचलं होतं आणि त्यात स्पंजासारखे करडे तुकडे तरंगत होते. वाळवी जमिनीखाली ज्यावर बुरशी वाढवते ते हे तुकडे. त्यांतूनच श्रावणात अळमी, म्हणजे रानातली भूछत्रं, वर येतात. आज तो मुलांना तेच दाखवणार होता.

"वाट तर चुकलो नाही ना आपण?" सोबतच्या टीचरनी विचारलं.

"नाय टीचर, बरोबर आसा," प्रिया म्हणाली. तिने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. "माज्याकडे दादाचो नकाशो आसा. वाट चुकाची नाय म्हणान दादान दिल्यान."

सगुणने तो हातात घेतला. साकव. साकवापासून एकशेचाळीस पावलं. वाकडं किंदळाचं झाड. काळा खडक. तिथून उजवीकडे बावीस पावलं. शेवटी लाल पेन्सिलने काढलेली तीन छत्र्या असलेली टेकडी. कोपऱ्यात निळ्या शाईत 'शाब्बास' लिहिलं होतं. अक्षर सगुणचंच होतं.

"घरी कोणाला दाखवलास हा?"

"बाबा नि काका इल्ले हंय. गेल्या आयतारा." प्रियाचं कुटुंब सावंतवाडीकडचं. वडील आणि काका खाणीवर ट्रक चालवत. "टोपलीभर गावली, सर! मगे काका म्हणालो, वर इतकी आसत तर खाली किती आसतली. म्हणान खणल्यान. खाली कायच नाय. नुसती वाळवी."

मुलं हसली. प्रियाही हसली. आपल्या घरच्यांनी सरांचा धडा नीट लक्षात ठेवला, याचा तिला आनंद झालेला दिसत होता.

"भाजी कशी झाली?" सगुणने विचारलं.

"शागोती केली आयेन. तिखट जाली, पण सगळी संपली."

त्याने नकाशा घडी करून तिला परत दिला. मग मुलांना खड्ड्याभोवती बसवलं आणि ठरलेला तास घेतला. वाळवी बुरशीची शेती कशी करते, अळम्याचा देठ खाली किती खोल जातो, तो मुळाशी धरून अलगद का उपटायचा, उमललेली छत्री का ठेवायची. खड्डा कोणी केला, असं एका मुलाने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी केला." मुलांना तो विनोद वाटला.

सगुण पणजीतल्या एका संस्थेत निसर्गशिक्षक होता. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या बावीस शाळा त्याच्याकडे होत्या. साल सत्त्याण्णव. पर्यावरणाचा तास शाळांत नवा होता आणि तो कोणी घ्यायचा हे कुठेच नक्की नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापक त्याला बघून सुटकेचा श्वास सोडत. अकरा वर्षं तो हे काम करत होता. दाखवणं हेच त्याचं काम, असं तो मानत आला होता. तो मूळचा चोपड्याचा. तिथे नदीच्या गाळात तिसऱ्या-शिंपल्या कुठे मिळतात हे कोणी कोणापासून लपवत नाही. ओहोटी लागली की सगळा गाव पाण्यात उतरतो.

अळम्यांचं तसं नसतं. ते त्याला ठाऊक नव्हतं.

ती जागा त्याला वत्सलाबाई गावस यांनी दाखवली होती. सर्वण गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. सत्तर वर्षांच्या बाई. आदल्या वर्षी त्याने त्यांना शाळेत बोलावलं होतं, रानभाज्यांची ओळख करून द्यायला. बाईंनी टेबलावर टायकिळा, कुडूक, लुती मांडली आणि मुलांना अर्धा तास हसवलं. पंधरा दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला: फाल्यां फांतोडेर ये, एकलो ये. उद्या पहाटे, एकट्याने.

तो गेला. बाई पायवाटेने गेल्या नाहीत. शेताच्या बांधावरून वळसा घालून, दोनदा मागे बघून, त्यांनी त्याला वर नेलं. वारुळापाशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कपाळ टेकवलं, देठ मुळाशी धरून किंचित पिळत अळमी काढली आणि सागाच्या पानात ठेवली. सगुण वहीत लिहून घेत होता. बाईंनी एकदा वहीकडे बघितलं. 

त्याच महिन्यात तो सातवीच्या चौतीस मुलांना तिथे घेऊन गेला. पावलांनी अंतर मोजून नकाशा कसा काढायचा, हा तास त्याच्याकडे बऱ्याच दिवसांपासून तयार होता. त्याला फक्त एक ठिकाण हवं होतं, जे मुलं विसरणार नाहीत. संस्थेला पाठवायच्या अहवालात 'विद्यार्थ्यांच्या काय लक्षात राहिले' असा एक रकाना होता. त्यात त्याने लिहिलं होतं: जागा.

मुलांना शाळेत सोडल्यावर सगुण व्हरांड्यातल्या फलकापाशी गेला. चौतिसांतला सगळ्यांत चांगला नकाशा अजून तिथेच टाचलेला होता. वर्षभर. त्याने टाचण्या काढल्या, कागद खिशात घातला आणि सर्वणची वाट धरली.

वत्सलाबाई ओट्यावर टायकिळ्याची पानं खुडत बसल्या होत्या.

"ये मास्तर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भुरगीं खंय सोडलंस? का नकाशे काडूंक बसयलंस?"

म्हणजे बाईंना कळलं होतं. तो उभाच राहिला.

"बस. खुर्ची भिजली आसा, सोप्यार बस."

तो भिंतीला लागून बांधलेल्या बाकावर, सोप्यावर बसला. "मावशी, चूक माजी. माका कोणी सांगूक नाय, दाखवचा नाय म्हणान."

"सांगतलो कोण? माज्या सासूक कोणी सांगूक नाय. सासून माका सांगूक नाय. हात धरून व्हेल्यान, इतक्याच." त्यांनी एक जून पान बाजूला टाकलं. "तू शिकलेलो. मी म्हटलंय, कळतला."

"ज्यांनी खणला, ते सावंतवाडीकडचे. तेंका ठाव नव्हता, ती रोयण तुमची म्हणान."

"तेंका मी कित्याक बोलू? रानात गावला, घेतल्यानी. खणूचा नव्हता, पण तां तेंच्या आवशी-बापाशीन शिकवचा. तेंच्या हातात कागद कोणी दिल्यान?"

सगुणने खिसा चाचपला. मग म्हणाला, "मी नकाशे परत घेतंय. चौतीस घरां. एकेक करून सगळ्यांकडे जातंय."

"आणि काय करतलंस? थंय पेरतलंस?"

"वाळवीची राणी जिती आसली तर तीन-चार पावसाळ्यांनी परत येतली अळमी. कधी कधी येतत."

"राणी जिती आसली तर," बाई म्हणाल्या, "आणि मी जिती आसलंय तर." आणि त्या खरोखर हसल्या. 

आतून कुकरची शिटी झाली. बाई उठल्या नाहीत. गुडघे दाबत बसल्या.

"तुका मी थंय कित्याक व्हेलंय, ठाव आसा?"

"भुरग्यांक शिकवूक, म्हणान मी समाजलंय."

"भुरग्यांक शिकवूक टायकिळो पुरे जालो. माजो संदीप वास्कोक. बंदरात कामाक. सून थंयचीच. तेंका दोनदां बोलयलंय, चल वर, एकदां बघून घे. ती म्हणता, पावसात जळवा लागतत. बरोबर आसा, लागतत." त्यांनी परडी बाजूला सारली. "माजे गुडघे गेले. कोणाक तरी ठाव होया. इतकी वर्सां घरात इला, ता माज्या वांगडा संपूचा नाय. तू इल्लंस शाळेत, भुरग्यांक पानां दाखवतंस, हळू बोलतंस. म्हटलंय, ह्याका सांगूया. म्हणान तुका एकलो ये म्हटलंय."

'एकलो' हा शब्द त्याने निरोप्याकडून ऐकला होता. गर्दी नको म्हणून असेल, असं त्याला वाटलं होतं.

"आयतारा सातेरी देवीक पयली अळमी आमच्या घरची जातत," बाई पुढे म्हणाल्या, आता जरा वेगाने, काम सांगितल्यासारखं. "सासूच्या सासूपासून. मान आसा आमचो. देवी म्हणजे रोयणच ती. तिचाच तिका."

"बुधवारी बाजारात अळमी येतत. मी हाडून—"

"विकतची? देवी काय बोलाची नाय. मी खंय तोंड लपवू?"

 निघताना त्याने खिशातला नकाशा काढून ओट्यावर ठेवला. बाईंनी तो उलगडला, लांब धरून बघितला.

"चित्र बरा काडल्यान," त्या म्हणाल्या. "पावलां तुजी मोजल्यान, का त्या भुरग्याची?"

"तेची."

"तरीच. माजी एकशेनव्वद होतत."

रविवारपर्यंत सगुणने सत्तावीस नकाशे गोळा केले. चार घरांत कागद हरवला होता. दोन घरांत तो काय मागतो आहे तेच कोणाला कळलं नाही, पण चहा मिळाला. प्रियाच्या वडिलांनी, ट्रक धुता धुता, सगळं ऐकून घेतलं. "असा आसा तर आमका सांगाचा होता, सर," ते म्हणाले. "आम्ही गावात देवाचा मोडणारी माणसां नाय." त्यांनी कागद स्वतः आतून आणून दिला. प्रिया दारात उभी होती. तिने त्या दिवशी 'सर' म्हणून हाक मारली नाही.

रविवारी तो देवळात गेला. गर्दी अशी नव्हती, पन्नासेक माणसं. सातेरीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. मातीची रोयण आहे, पुरुषभर उंच, वर चांदीचा मुखवटा. पुजारी बाबाजी मानाच्या घरांची नावं घेत होते आणि एकेक घर पुढे येत होतं. कोणी नारळ ठेवला, कोणी भाताची कोवळी लोंबी.

"वयल्या गावसांचा घर."

वत्सलाबाई पुढे गेल्या. नवं लुगडं, हातात सागाचं पान, नेहमीसारखं चौकोनी दुमडून केळीच्या वाकाने बांधलेलं. बाबाजींनी ते घेतलं आणि त्यांचा हात थबकला. इतकी वर्षं ते पान हातात घेणाऱ्या माणसाला वजन कळतं. त्यांनी गाठ सोडली. पान रिकामं होतं.

मागे कुजबूज सुरू झाली. सगुण खांबापासून पुढे आला.

"बाबाजी, ह्या माज्यामुळे जाला. मी शाळेच्या भुरग्यांक—"

"तू गप," वत्सलाबाई वळून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हंय तुजी शाळा नाय."

 कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"औंदा रोयणीन दिली नाय," बाई पुजाऱ्यांना म्हणाल्या. "देयत तेव्हा हाडतंय. पान घे. मान ऱ्हवाक होयो."

बाबाजींनी बाईंकडे बघितलं, मग सगुणकडे. पान होतं तसंच चौकोनी दुमडलं, वाक पुन्हा आवळला, आणि दोन्ही हातांनी रोयणीच्या पायथ्याशी, नारळांच्या रांगेत, दरवर्षीच्या जागी ठेवलं. मग गाराणं घातलं. शब्द तेच, दरवर्षीचे. वयल्या गावसांच्या घरची पयली अळमी तुज्या पायाशी इली आसत, ती मान्य करून घे, घर सुखी ठेव, जाणत्या-नेणत्याचा काय चुकला-माकला आसात ता पदरात घे.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सगुणने ते म्हटलं नाही. वत्सलाबाईंनी जोडलेले हात तसेच ठेवून मान मागे वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, तो म्हणेपर्यंत.