नाडीबाबाची नळी

उमेळ्यात चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली आणि माणसं घरी न जाता थेट हिल्डाच्या वाडीत घुसली. शेजारच्या नव्या सोसायटीची मंडळी आधीच येऊन उभी होती. सोनचाफ्याखाली पाय ठेवायला जागा नाही, अळूचे दोन वाफे तुडवले गेले, पण कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाण्याची जागा सांगणारे नाडीबाबा भुईची नाडी बघत होते.

वाडीच्या कुंपणाला लागून सोसायटीने दोनशे फूट बोअर मारली होती. जागा बाबांनीच दाखवलेली आणि बोअर ठणठणीत कोरडी. आता त्याच भोकात बाबांनी खांद्याइतक्या उंचीची लोखंडी नळी सोडली होती. तिला वर पितळी टोपी, टोपीला शेंदूर, आणि तिथून वायर थेट स्पीकरला. स्पीकर बोलत होता. टक. टक. टक.

"डॉक्टर छातीला नळी लावतो, आम्ही धरणीमातेला लावतो," बाबा माइकवरून सांगत होते. "ऐका नाडी! गंगा खालून चालली आहे. अजून शंभर फूट जा, पाणी पुरे म्हणायची वेळ येईल."

बाबांच्या एका हातात उदबत्ती होती, दुसऱ्या हातात मेणबत्ती. गिऱ्हाईक देवळातलं असो की चर्चमधलं, हातचं जाता कामा नये.

"पानी बोलतंय गं बाय," फ्लॉसीमावशी रोझरीचे मणी ओढत म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या आलोशियसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बासष्ट वर्षांचा माणूस, त्यातली अठ्ठावीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींत आवाजाची यंत्रं सोडून खडक तपासण्यात गेलेली. हिल्डा त्याची वहिनी. भाऊ वारल्यापासून ती चाफ्याच्या फुलांवर घर चालवत होती, आणि चाफा जगत होता वाडीतल्या विहिरीवर.

तीच विहीर आज बुजवायची होती. कोरड्या बोअरचं खापर कोणाच्या तरी माथी फोडायला हवं होतं ना! मागच्या रविवारी बाबांनी आधी बोअरमधून टकटक ऐकवली आणि मग हीच नळी विहिरीत सोडली, तेव्हा स्पीकर एकदम चिडीचूप. "ही विहीर मेलेली आहे," बाबांनी निकाल दिला. "मेलेली विहीर जिवंत गंगेला पिऊन टाकते. आधी हिला बुजवा, मगच बोअर खोल न्या." डोळ्यांसमोर विहीर काठोकाठ भरलेली, हिल्डा रोज सकाळी तिच्यावर पंप लावते, आणि पदव्या घेतलेली माणसं माना डोलावतात. आठवडाभर गाव हिल्डाशी धड बोललं नाही. शेवटी तिनेच सोसायटीच्या कागदावर सही केली. माझ्यामुळे गावाची तहान राहायला नको, म्हणाली.

एक डंपर विहिरीत बांधकामाचं डेब्रिज ओतून गेला होता. दुसरा मागे येत विहिरीच्या काठाला लागला, तसा आलोशियस त्याला आडवा गेला.

"थांबव रे गाडी. आणि महाराज, ती नळी बाहेर काढा. त्या फणसाला टांगून दाखवा."

बाबांनी डोळे मिटले. "नाडी मोकळ्या हवेत उघडी पडली तर कोप होतो, बाळा."

"माझ्यावर होऊ द्या. मी बघून घेतो."

गर्दीत कुजबुज झाली. सोसायटीची सेक्रेटरी विनया पुढे आली. बाबांना उमेळ्यात आणलं होतं तिनेच. तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवून तिचे खांदे भरून आले होते, म्हणून तिने या माणसावर विश्वास टाकला होता.

"टांगू द्या ना, महाराज," ती म्हणाली. "खरं असेल तर बिघडणार काय आहे?"

आलोशियसने वाट बघितली नाही. नळी ओढून काढली, दोरीने फणसाच्या फांदीला टांगली. खाली भोक नाही, पाणी नाही, नुसती हवा. त्याने टोपीवरचं बटण दाबलं.

टक. टक. टक.

"गंगा फणसात चढली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

आलोशियसने नळीची दोन्ही टोकं उघडली. खालच्या टोकात बॅटरीवर चालणारी बोटभर हातोडी. वरच्या टोपीत नळीच्या अंगाला चिकटवलेला माइक.

"हातोडी नळीला ठोकते, लोखंड तो ठोका वर पोचवतं. नळी स्वतःचाच आवाज ऐकते आहे. भुईचा काही संबंध नाही."

"मंग हिरीत का गप ऱ्हायली?" फ्लॉसीमावशीने विचारलं.

"हां, विचारा त्याला," बाबांना चेव आला. "सांग की शहाण्या!"

"सांगतो. बोअरवर ही नळी माझ्या खांद्याला लागते. मागच्या रविवारी विहिरीवर ती चार बोटं लांब होती." आलोशियसने बाबांची झोळी ओढून घेतली आणि उलटी केली. विभूतीच्या पुड्यांबरोबर रबराचा जाड जोड खाली पडला. नळी मधोमध उघडून त्याने तो आत बसवला आणि पुन्हा बटण दाबलं. हातोडी डोळ्यांदेखत हलत होती, स्पीकर मात्र गप्प.

"रबर काढलं की गंगा आली. रबर घातलं की विहीर मेली. आमच्या यंत्रातही ठोका देणारा भाग आणि ऐकणारा भाग असतात. ठोका खडकातून फिरून यायला हवा, पण यंत्राच्या लोखंडातून तो आधीच कानात पोचतो आणि फसवतो. म्हणून आम्ही त्याची वाट मोडतो. अंगावर खाचा पाडतो, मध्ये रबर घालतो. नवीन असताना मीच यंत्राचा आवाज खडकाचा म्हणून लिहून दिला होता आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. आम्ही रबर घालतो ते खरं ऐकू यावं म्हणून. या हरामखोराने ते एका बाईची विहीर मारायला घातलं."

बाबा कुंपणाकडे सरकले होते. दोन-तीन जणांनी त्यांचे दंड धरले. विनयाने पोलीस ठाण्याला फोन लावला.

"वहिनी, तुझ्या विहिरीला काही झालेलं नाही," आलोशियस म्हणाला.

हिल्डा गर्दीतून पुढे आली. "तुला हे कधी कळलं?" तिने विचारलं.

"मागच्या रविवारीच. पहिला ठोका ऐकला आणि ओळखलं."

"आणि घरी जाऊन जेवलास."

आलोशियसने मान खाली घातली. कशाला गावाशी वाकडं घ्या, चार दिवसांत आपोआप बंद पडेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"आठ दिवस सगळ्यांनी मला पापीण ठरवलं," हिल्डा म्हणाली. "या नळीबाबत ते अडाणी होते. तू तर नव्हतास."

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात पायऱ्यांवर पडलेलं डेब्रिज चाचपू लागला. मग वर बघून ओरडला, "बघताय काय? पाट्या द्या खाली. आणि पुढचा बाबा येईल ना, तेव्हा त्याचं यंत्र आधी जिथे काहीच नाही तिथे लावायला सांगा. तिथेही ते हो म्हणालं तर हाकलून द्या. पहिल्याच दिवशी, आठव्या दिवशी नाही. आणि मी गप्प बसलो, तर मलाही पहिल्याच दिवशी जाब विचारा."

विनयाने चपला काढल्या आणि पहिली पाटी तिने उचलली.