ओला दुपट्टा

टपाल खात्याच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा देवाजीच्या तोंडाजवळ नाक नेलं. बडीशेपेचाही वास आला नाही, तसे ते खुर्चीत मागे रेलले.

"चाला."

खसच्या कूलरचं गार वारं अंगावर घेत देवाजी भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. पाऊल कुठे अडखळलं नाही. दाराशी उभ्या त्याच्या बायकोचा, कौसल्येचा चेहरा मात्र उतरला. मेल्या पायांनो, नेमके आजच शहाणे झालात!

"हा तर ठणठणीत आहे. उद्यापासून टपालाची सायकल चालवू दे."

"थंड्यात चालतेत हे, साहेब. ऊन लागलं का पाय जातेत. त्या मोठ्या डाक्टरनं मल्टिपल स्क्लेरोसिस सांगतलं, नसांचा रोग. बसून कराचं काम द्या, म्हणे."

"बाई, तो गोऱ्या लोकांचा रोग. आपल्याकडे नसतो."

"काहून? रोगाले पासपोर्ट लागते का?"

डॉक्टरांनी घंटी दाबली. शिपायाने दार उघडलं.

छप्पन साली बापाच्या बोटाला धरून देवाजीने बुद्धाची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. पण दोन उन्हाळे झाले, भर दुपारी पत्रं वाटताना तो झोकांड्या खायचा आणि वस्तीतले हसायचे, "काय देवाजी, शील मोडलं का गा?" आता पुन्हा सायकलवरून पडला, तर दारूचा ठपका ठेवून टपाल कचेरीतले साहेब नोकरीवरून काढणार होते.

वस्तीतलं ते हसणं ऐकावं लागू नये म्हणून बाहेर पडताना कौसल्या त्याच्या डोक्यावर माठातलं पाणी ओतायची, गळ्यात ओला दुपट्टा गुंडाळायची, सावली धरून न्यायची. आजही तिने तसंच आणलं होतं. चार लोकांत मान राहावी म्हणून. मान राहिली, खेळ तिथेच बिघडला.

व्हरांड्यातल्या नळाखाली दुपट्टा पुन्हा भिजवायला तिने त्याच्या गळ्याकडे हात नेला. देवाजीने मनगट धरलं.

"राहू दे वं."

"बाहेर आग पडून राहिली. अन् आपल्या वस्तीतला भैय्याजी बसला हाये रांगेत. पाहीन ना तो!"

"पाहू दे."

गळ्यातला दुपट्टा काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकला आणि अंगणात उतरला. मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन डॉक्टरांच्या दारासमोर उभा राहिला. कपाळ घामाने डबडबलं. मग त्याने पाऊल उचललं. डावा पाय मातीत ओढत गेला, गुडघा वाकला.

"भर दुपारीच का गा, देवाजी?" रांगेतून भैय्याजी हसला.

एरवी कौसल्येने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तिने शिपायाला बाजूला सारलं आणि सरळ आत शिरली. खांद्यावरचा ओलसर दुपट्टा टेबलाला घासला.

"या आता बाहेर, साहेब. नाकही घेऊन या."

मागे अंगणात चप्पल फरपटल्याचा आवाज झाला, मग काहीतरी धपकन आपटलं. तिचे हात उचलले गेले, थांबले. ती वळली नाही. डॉक्टर खुर्चीतून उठेपर्यंत ती त्यांच्याकडेच पाहत उभी राहिली.