पूर्वी इथे बायका भाजी धूत

"...तांदळाच्या होड्यांसाठी हा कालवा खणला. पूर्वी इथे बायका भाजी धूत..."

चीनमधल्या सूझौच्या एका गल्लीमागून जाणाऱ्या पर्यटक होडीचा कर्णा हे सांगत होता, तेव्हा शुईझेन आजी कालव्यात उतरणाऱ्या खालच्या पायरीवर बसून कमळकाकडी धूत होती. पूर्वी म्हणे. तिने मान वर केली. पर्यटकांनी फोटो काढले.

दुपारी पर्यटन कार्यालयातला तांग आला, शेजारच्या घरात लहानाचा मोठा झालेला. पायऱ्यांच्या तोंडाशी त्याने लोखंडी फाटक बसवून घेतलं.

"पाणी खराब होतं, आजी."

"रंगाच्या कारखान्याने हेच पाणी काळं केलं, तेव्हा कुठे होतं तुझं फाटक? माझ्या कमळकाकडीने बाटतं होय?"

"वरून हुकूम आहे. पण तुमची सोय केलीय. होड्या चालू असतील तेव्हा निळा रुमाल बांधून बसायचं. तेवढ्यापुरतं फाटक उघडू. भाजी आम्ही देऊ, धुतलेली."

"धुतलेली भाजी धुवू?"

"जुना काळ दाखवायचाय लोकांना."

"...इथलं सारं जीवन या पाण्याच्या..."

सासूने याच पायऱ्यांवर तिला काम शिकवलं होतं. आता तिथेच बसून तिने स्वतःचं सोंग आणायचं. आजी धुमसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने निळा रुमाल बांधला. तांगने खुशीत फाटक उघडलं. त्याने दिलेली टोपली आजीने पायाने बाजूला सारली आणि घरातून लाल लाखेचं लाकडी पिंप आणलं. लग्नात माहेरून आलेलं, शौचाचं. गल्लीत संडास येईपर्यंत घराघरात असायचं तसलं. बांबूचा कुंचला घेऊन ती ते खसाखसा घासू लागली.

"आजी, हे काय?"

"जुना काळ."

"होडीत लोक खातायत हो."

"खाऊ देत. मैल्याची होडी येऊन गेली की गल्लीभर हाच खडखडाट असायचा. तुझ्या आजीचा सगळ्यात मोठा."

"...निवांत, काव्यमय सकाळी..."

होडीतून एक म्हातारी ओरडली, "बाई, नुसत्या कुंचल्याने वास जायचा नाही. आत शिंपले टाकून घास."

"टाकलेत, टाकलेत."

होडीत हशा पिकला. तांग खाली उतरून कानाशी आला. "बरं. उद्यापासून तुमचीच भाजी धुवा. रुमाल नको, काही नको. माझी परवानगी आहे. आता हे आत न्या."

परवानगी. सासूच्या पायऱ्या, आणि ह्याची परवानगी.

आजीने पिंपात पाणी घेतलं, त्याचं तोंड मागून येणाऱ्या होडीकडे वळवलं आणि पुन्हा कुंचला चालवला.