बाईंचा आलेख

मित्रांनो, आलेख काढून दाखवणारा मी एक म्हातारा कॅल्क्युलेटर आहे. एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या एका कामगार बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. पुढे कुणाच्या हाती पडणार, हे मला कुठे ठाऊक होतं?

मला निवडलं ते गणिताच्या एका बाईंनी. दुकानदाराने माझ्याशेजारी रंगीत स्क्रीनचे, पातळ, देखणे भाऊबंद मांडले होते. बाईंनी सगळे नाकाजवळ धरून पाहिले आणि मला उचललं. माझे आकडे जाडजूड होते, म्हणून.

"हा बोलत नाही का हो?" त्यांनी विचारलं.

"बोलायला घरी माणसं नाहीत का, बाई?" दुकानदार हसला. बाईही हसल्या. त्यांची नजर मधोमध विझत चालली होती, हे त्याला काय माहीत! ते त्यांनी सख्ख्या ताईलाही सांगितलं नव्हतं.

वर्गात माझा मोठा मान होता. समीकरण भरलं की माझ्या स्क्रीनवर रेघ उमटायची आणि मी बाकाबाकांवरून फिरायचो. मुलं डोकं डोक्याला लावून माझ्यावर वाकत. बाई मात्र मला दरवर्षी थोडं अधिक जवळ, थोडं अधिक तिरकं धरू लागल्या. मग एके दिवशी त्यांनी माझ्या पाचाच्या बटणावर गोंदाचा थेंब वाळवला. त्यानंतर त्यांचा सगळा कारभार बोटांवर चालला. फळा तर त्यांना पाठच होता. कुणाला संशय आला नाही.

एका सकाळी माझे सेल संपले. बाईंनी नेहमीसारखी बटणं दाबली, एकही चुकलं नाही. मला उंच धरून त्या म्हणाल्या, "पाहा, ही रेघ डावीकडून उतरते, इथे तळ गाठते आणि पुन्हा वर चढते. दिसतंय ना?"

माझी स्क्रीन कोरी होती. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! नुसती 'बाई' अशी हाक मारता आली असती, तरी पुरे होतं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात आलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हो बाई," ती हळूच म्हणाली. "छान आलाय आलेख."

मुख्याध्यापिका केव्हाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन मला हातात घेतलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "हा बंद आहे."

बाई फळ्याला टेकल्या. त्यांना पुन्हा कधी वर्ग मिळाला नाही.

"मला तरी सांगायचंस गं!" घरी ताई रडली.

"तुला सांगितलं असतं, तर तू मला त्याच दिवशी घरी बसवलं असतंस."

ताईने खरंच बसवलं असतं.

काही दिवसांनी ताईने आपणहून माझ्यात नवे सेल घातले. बाईंनी आलेख काढला आणि मला तिच्यापुढे धरलं. "काय दिसतंय?"

"रेघ आहे एक. वाकडी."

"कुठे वाकते?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? गॅसवर दूध आहे," असं म्हणत ताई उठली.

बाई बराच वेळ माझ्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. काच सपाट असते, मित्रांनो. मग त्यांनी मला खणात ठेवलं. तिथेच माझ्यातले सेल फुटले, पाझरले आणि माझं पोट गंजलं. आता मी चालू होणार नाही. बाई अजून त्याच खोलीत बसतात. मला त्यांचा श्वास ऐकू येतो, बोलणं क्वचितच.

म्हणून एक विनवणी करतो. ठेवून दिलेल्या यंत्रातले सेल काढत जा. आणि तुमच्या घरात कुणी "काय दिसतंय?" असं विचारलं, तर दूध उतू गेलं तरी चालेल, पण जवळ बसा. रेघ कुठून निघते, कुठे वळते, ते नीट सांगा.