गुलाबाखाली लपवलेली पानं

गुलाबाच्या पानावर काळा ठिपका दिसला आणि ठमी खाली वाकली. मसुराएवढाच, पण कडा विस्कटलेल्या, भोवती पिवळेपणा.

रोपवाटिका आत्याची. तिचं बोलणं ठमीला पाठ होतं, "एका रोगट झाडापायी बाकीची मारू का?" परवाच तिने जास्वंद मुळासकट उपटली होती. आणि हा गुलाब तर ठमीचा! जुनं घर सोडताना आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या काडीतून वाढलेला. त्या घरात आता दुसरेच लोक राहत होते.

ठमीने पान तोडून बुंध्याशी पसरलेल्या वाळक्या पाल्याखाली सारलं. मग झारीने वरून भरपूर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी तीन पानं. आठवड्याने ओंजळभर. ती रोज तोडी, रोज लपवी, आणि आत्याची चाहूल लागली की झारी घेऊन दुसऱ्या रोपांकडे वळे.

"ठमे, तुझ्या गुलाबाला टक्कल पडलंय! न्हावी कोण गं?"

"वारा..."

"वारा काय निवडून पानं तोडतो?" आत्याने वाकून पाला उचलला. खाली काळी पानं. तिच्या दुसऱ्या हातात कात्री होती.

"उपटू नकोस ना गं! मीच लपवली!" ठमी झाडासमोर आडवी आली.

आत्या खालीच बसली. "लपवलीस कुठे? चोराला घरातच अंथरूण घातलंस. रोग या पानांत टिकतो. वरून पाणी पडलं, शिंतोडे उडाले, की पुन्हा झाडावर."

"म्हणजे मीच...?"

"तू, आणि तुला वाटणारा माझा धाक. जास्वंदीचं मूळ कुजलं होतं, बाळा. हा पानांचा रोग."

सगळा पाला पिशवीत भरून बाहेर गेला. आत्याने कात्री स्पिरिटने पुसून ठमीच्याच हातात दिली. "वीतभर ठेव. डोळ्याच्या, म्हणजे या फुगवट्याच्या, जरा वर काप."

चार बोडक्या काड्या उरल्या.

"जगेल?"

"बघू. पाणी सकाळी, बुंध्याशी. आणि काही दिसलं, तर आधी मला सांगायचं."

सोळाव्या दिवशी लालसर कोंब फुटला. पुढे त्याची पानं उलगडली. त्यातल्या एकावर काळं काहीतरी होतं. ठमीचा हात आपोआप पानाकडे गेला.

तिने हात मागे घेतला.

"आत्याऽऽ! लवकर ये!"

"आले गं! कात्री पुसून आणते!"