बेचाळीस डबे

आमचे हे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ती बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. चौतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी नट, बोल्ट, पट्टे आणि बेअरिंगांवर राज्य केलं. ते राज्य गेलं, तेव्हा स्वारी माझ्या स्वयंपाकघरावर चालून आली. मसाल्याच्या बरण्या त्यांनी उंचीप्रमाणे लावल्या, तेव्हापासून मला मीठ सापडत नाही. कपाटातल्या चादरींना नंबर आहेत. मला अजून नंबर दिलेला नाही, ही मेहेरबानीच म्हणायची.

गुरुवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "आज फ्रीझर."

माझ्या पोटात गोळा आला. तसा एक गोळा तिथे आधीपासून होताच, मोठ्या लिंबाएवढा, आणि सोमवारी तो काढायचा होता. हे मला ठाऊक होतं, डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं आणि शेजारच्या शिंपिणीला ठाऊक होतं. ह्यांना नव्हतं.

का नव्हतं म्हणाल, तर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट ऐका. वीस मिनिटांचं काम. मी आत, हे बाहेर बाकावर. दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घातला नाही, आणि मी पट्टी बांधून बाहेर आले तर स्वारी चक्कर येऊन आडवी. घरी आल्यावर एका डोळ्याने सूप करून मीच त्यांना भरवलं. नर्सबाई शेवटपर्यंत पेशंट त्यांनाच समजत होत्या.

म्हणून ह्या वेळी मी शहाणपणा केला. रविवारी संध्याकाळी, अगदी निघायच्या तोंडावर सांगायचं, आणि तोवर त्यांच्या जेवणाची सोय करून ठेवायची. ह्यांना स्वयंपाकातलं पाणी तापवता येतं, तेही भांडं करपवून. दोन आठवडे मी रोजच्या जेवणाबरोबर तीन-तीन छोटे डबे जास्तीचे भरत होते. सूप, भाजी-भात, कोंबडीचा रस्सा. एकेक करून मागच्या खोलीतल्या आडव्या फ्रीझरच्या तळाशी, मटारच्या पिशव्यांखाली. बेचाळीस डबे! त्यांच्या नाकाखालून गेले आणि त्यांना पत्ता नाही. चादरींना नंबर देणारा माणूस.

"फ्रीझरला काय धाड भरलीय?" मी विचारलं.

"झाकण बोटभर उघडं राहतंय. आत काहीतरी जास्त झालंय."

म्हणजे माझ्याच शहाणपणाने मला गाठलं.

"मी करते हो सावकाश. तुम्ही पेपर वाचा."

"तू?" ते हसले. चौतीस वर्षांचा अनुभव हसला तो. मग वही आली, कानावर पेन्सिल आली, जुनी गोधडी जमिनीवर अंथरली गेली. फ्रीझरची वायर काढून त्यांनी प्लगला चिठ्ठी चिकटवली: 'काम चालू आहे.' घरात आम्ही दोघं. ही सूचना कोणासाठी होती, ते मी विचारलं नाही.

"नियम एक," ते म्हणाले, "लेबल नाही तो माल नाही. नियम दोन, एकदा वितळलं ते परत गोठवायचं नाही."

"आणि नियम तीन, बायकोचं ऐकायचं नाही."

"तो लिहावा लागत नाही."

मग उत्खनन सुरू झालं. मटारच्या चार पिशव्या, चारही उघड्या, चारही रबर लावलेल्या. "एक संपल्याशिवाय दुसरी का फोडतेस?" आइस्क्रीमचा डबा, आत वाटलेलं आलं. ह्यांनी आशेने चमचाही आणला होता. पावाच्या कडा, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपलेल्या. आणि एक मासा, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाचा. त्या जावयाचा मुलगा आता शाळेत जातो.

"तेव्हाच शिजवायचा होता ना?"

"तेव्हा तुम्ही त्याला 'मासे खातोस का' विचारायच्या ऐवजी 'पगार किती' विचारलंत. तो जेवायला थांबलाच नाही."

मासा वहीत लिहून भंगारात गेला. काम करता करता तोंड चालूच. स्टोअरच्या गोष्टी मला आता पाठ झाल्यात. "फोरमन काय काय मागून नेतोय, तेवढं बघून मी ओळखायचो, कुठलं मशीन आतून गेलंय. बोलायचा नाही तो. पण माल बोलतो. मोठ्या साहेबांच्या आधी मला कळायचं." ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या साहेबांनीही ऐकली असणार, म्हणून तर ते वेळेआधी निवृत्त झाले.

मी मध्ये मध्ये लुडबुडत होते. भिंतींवरचा बर्फ सुटावा म्हणून त्यांनी आत गरम पाण्याची पातेली ठेवली, तर म्हटलं, कमरेला त्रास होईल, राहू द्या. म्हणाले, बाजूला हो. शेजारी जाऊन शिंपिणीचा पंखा बघून या, म्हटलं. म्हणाले, तिचा पंखा चांगला चालतो. एरवी हा माणूस कुणाचाही पंखा बघायला अर्ध्या जेवणावरून उठतो. शेवटी त्यांचा हात तळाशी गेला आणि पहिला छोटा डबा वर आला.

"हे काय?"

"सूप."

"कधीचं? लेबल कुठाय?"

"खाल्लंत की कळेल."

"तारीख नाही, नाव नाही. भंगार." आणि डबा खरंच बादलीकडे निघाला.

मी तो हातातून हिसकावला. इतक्या जोरात की दोघंही दचकलो. दोन आठवडे पोटात दुखत असताना उभं राहून भरलेला डबा होता तो. माझा संताप अनावर झाला. "हात लावाल तर खबरदार! स्वयंपाकघर म्हणजे तुमचं स्टोअर नव्हे!"

त्यांनी दुसरा डबा काढला, तिसरा काढला. टेबलावर रांग लावायला लागले, कारण रांग लावल्याशिवाय त्यांना काही दिसतच नाही. सहाची एक रांग, अशा सात रांगा. मग त्यांनी वही मिटली. कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मागच्या खोलीत फक्त बर्फाचं पाणी टपटपत होतं.

"सगळे एकाच माणसापुरते आहेत," ते म्हणाले.

"छोटे डबे बाजारात बरे मिळाले."

"कोंबडीचा रस्सा फिका, तिखट नाही. माझं पथ्य. म्हणजे तो एक माणूस मी." त्यांनी एका डब्यावरचं दव बोटाने पुसलं. "लेकीकडे जाणार असतीस, तर महिनाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं असतंस. हे गुपचूप भरलंयस."

मी पुढे सरून उगाच मटारच्या पिशवीचं रबर काढत-घालत बसले.

"काय बिघडलंय, सांग," ते म्हणाले.

काय सांगणार! सांगितलं सगळं. गाठ, सोमवार, डॉक्टरीणबाई. कसली गाठ आहे ते काढल्याशिवाय कळणार नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता मी पाय लांब करून खुर्ची जवळ ओढून ठेवली, कारण हे आता पडणार.

ते पडले नाहीत. कोपऱ्यातल्या दुसऱ्या, उपड्या बादलीवर बसले आणि विचारलं, "दवाखान्यात किती दिवस?"

"दहा."

"दोन वेळचे म्हणजे वीस." त्यांनी टेबलाकडे बघितलं. "हे बेचाळीस आहेत."

"असू द्यात की. थोडे जास्तीचे."

"जास्तीचा माल कधी भरून ठेवतात, ते तू मला सांगणार? पुढचा माल येईल याची खात्री नसते, तेव्हा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "मी विचारतोय, हे वरचे बावीस कशाला?"

इतके दिवस डबे भरताना मी स्वतःलाही हे विचारलं नव्हतं. वीस झाले तेव्हा थांबायला हवं होतं. थांबवेना. हात चालूच राहिले, अजून एक, अजून एक. मला भीती वाटत होती. मी आले नाही तर हा माणूस काय खाईल, एवढंच डोक्यात होतं. तसं मी म्हटलं आणि मला रडू फुटलं, जावयाच्या माशासमोर, वाटलेल्या आल्यासमोर.

ते उठले. फ्रीझर कोरडा पुसला, वायर लावली. मग एकेक करून डबे आत ठेवायला लागले, मोजून. विसावा ठेवला आणि झाकण लावलं. ह्या वेळी ते नीट बसलं. बाकीचे बावीस टेबलावर तसेच.

"अहो, ते राहिले."

"राहू देत."

"वितळतील ना!"

"वितळू देत."

"परत गोठवता येणार नाहीत. तुमचाच नियम."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि ताटं घ्यायला गेले.

सहा डबे शिंपिणीच्या घरी पोचवले. उरलेले सोळा सोमवारपर्यंत आम्हीच संपवायचे होते. दुपारी जेवायला बसलो तर पहिल्याच घासाला स्वारी म्हणाली, "मीठ कमी आहे."

"मीठ कुठे ठेवलंयत, ते तुम्हीच शोधा," मी म्हटलं. ते बरण्यांच्या रांगेपुढे बराच वेळ उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मीठ काही त्यांना सापडलं नाही. मग मीच उठून दिलं.